दोरी परत का जात नाही?

मित्रांनो, मेकॅनिकलला अॅडमिशन घेतली की घरच्यांचा एक गोड गैरसमज होतो. कुणाचा पंखा अडला, मिक्सर जळाला, गाडी उठत नाही, की लगेच "आपला इंजिनिअर आहे ना!" आणि आपला इंजिनिअर? त्याने थर्ड इयरपर्यंत स्प्रिंग फक्त कागदावर पाहिलेली असते. त्यातही चपटी स्पायरल स्प्रिंग हा तर सगळ्यांनी ऑप्शनला टाकायचा टॉपिक. मीही टाकला होता. यंदा मार्चमध्ये तोच टॉपिक उडून माझ्या डाव्या भुवईवर बसला. हॉस्टेलवर परतल्यावर "कुणी मारलं बे?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांना हे एकत्र उत्तर.

आमच्या मामाचं नागभीडला छोट्या इंजिनांच्या रिपेअरिंगचं दुकान आहे. धानाच्या पट्ट्यातलं दुकान, त्यामुळे वर्षभराचं गिऱ्हाईक ठरलेलं. पावसाळ्यात फवारणीचे पंप, दिवाळीच्या आगेमागे धान कापायचे ब्रश कटर, उन्हाळ्यात बोडीवर लावायचे पाण्याचे पंप, लग्नसराईत मंडपवाल्यांचे जनरेटर. आणि फेब्रुवारी लागला की जंगलखात्याचे ब्लोअर. या सगळ्या मशिनींमध्ये एक गोष्ट सारखी. चाबी नाही, बॅटरी नाही. मुठीला धरून दोरी ओढायची आणि इंजिन सुरू करायचं. दोरी आपोआप आत जाते. जात नसेल तर मशीन म्हणजे पाठीवरचं नुसतं ओझं.

ब्लोअर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाठीला लावायचं पेट्रोल इंजिन, त्यावर पंखा आणि पुढे हातात एक लांब जाड नळी. नळीतून जोराची हवा येते. आगीवर हवा मारायची म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखं वाटेल, पण इथे काम वेगळं आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला वणवा बहुतेक जमिनीवरून, वाळलेल्या पाल्यातून सरकतो. सागाची मोठाली पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, खाली जाड थर होतो. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला आगीचा त्रिकोण आठवा : इंधन, प्राणवायू, उष्णता. ब्लोअर त्यातलं इंधन काढून घेतो. आगीच्या पुढे पाला उडवून मातीचा एक पट्टा उघडा केला की आग तिथपर्यंत येऊन बसते. हंगामाच्या आधी जाळरेषा साफ करायलाही हाच लागतो. ब्लोअर नसेल तर हेच काम हिरव्या फांद्यांच्या झाडूने, धुरात वाकून.

वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. याच काळात पहाटे मोहफुलं पडतात. पाल्यात फुलं दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी सवय, आणि पुढे तेंदूला नवा पाला फुटावा म्हणून लावलेली आग. यातली एखादी ठिणगी निसटली की संपलं. आता डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना वनरक्षकाच्या मोबाईलवर येते. म्हणजे आग कुठे लागली हे आकाशातून कळतं. पण तिथे पोचून मशीन सुरू करायला शेवटी हातभर दोरीच ओढावी लागते!

तर होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक वनरक्षक आणि दोन फायर वॉचर मोटारसायकलवर ब्लोअर बांधून दुकानात आले. मूठ खाली लोंबत होती, दोरी बाहेर लटकलेली.

"मामा, दोरी वापसच नाही जाऊन रायली."

"कधीपासून?"

"काल थोडी थोडी जात होती जी. आज सकाळी एक झटका मारला आन् खटकन आवाज आला. बस."

मामाने मशीन हातातही घेतलं नाही. म्हणाले, "स्प्रिंग गेली." मग माझ्याकडे पाहून, "का रे इंजिनेर, उघडतोस का? पण तोंड दूर ठेवजो."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ऐकलं नाही. तिकडे वळण्यापूर्वी आत काय असतं ते पाहू.

घरातला स्टीलचा मेजरिंग टेप सगळ्यांनी हाताळलाय. पट्टी ओढली की बाहेर येते, सोडली की सर्रकन आत. स्टार्टरचं तेच. प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या कव्हरमध्ये एक पुली असते, तिच्यावर दोरी गुंडाळलेली. पुलीच्या मागे, कव्हरच्या वाटीत, चपट्या स्टीलच्या पट्टीची गोल गुंडाळलेली स्प्रिंग. चाबीच्या घड्याळात असते तिचीच थोरली बहीण म्हणा. पट्टीच्या दोन्ही टोकांना आकडे असतात. बाहेरचा आकडा कव्हरच्या खाचेत अडकतो, आतला पुलीच्या तुंब्यात. आपण दोरी ओढतो तेव्हा पुली फिरते, पुलीला लागलेलं कुत्रं (पॉल हो, काही तरी वेगळं समजू नका) फ्लायव्हीलच्या बाजूच्या दात्यात अडकतं आणि इंजिन फिरतं. त्याच वेळी स्प्रिंग आवळली जाते. इंजिन सुरू झालं की पॉल सुटतो, आणि आवळलेली स्प्रिंग पुली उलटी फिरवून दोरी आत ओढून घेते. म्हणजे इंजिन सुरू करण्यात स्प्रिंगचा काहीही हात नाही. ती फक्त दोरी परत नेते. इंजिन फिरवणारा जोर आपल्या दंडाचाच.

हे नीट समजलं की निदान सोपं. मामाची पहिली पायरी ही की कव्हरचे तीन-चार स्क्रू काढून स्टार्टर अख्खा बाजूला घ्यायचा. मग दोरी ओढून पाहायची. स्टार्टर वेगळा काढल्यावर दोरी छान जाते-येते, पण मशीनवर बसवला की अडकते, तर दुखणं इंजिनात आहे, स्टार्टरला हात लावू नका. दोरी छान परत येते पण ओढल्यावर इंजिन फिरतच नाही, तर पॉल घासलाय किंवा चिकटलाय. दोरी अर्ध्यावर येऊन थांबते, मूठ लोंबते, तर स्प्रिंगला द्यायचा आधीचा ताण कमी झालाय किंवा आत धूळ भरली आहे. आणि दोरी मुळीच परत जात नाही, पुली हाताने फिरवली तर ढिली ढिली गोल फिरते, तर स्प्रिंग तुटली किंवा तिचा आकडा सुटला. आमचा पेशंट या शेवटच्या वॉर्डातला.

आता माझा पराक्रम. स्प्रिंग तुटलीच आहे तर तिच्यात ताण कसला, असा माझा शुद्ध इंजिनिअरिंग विचार. मधला स्क्रू काढला आणि पुली सरळ उचलली. पुढचं मला दिसलं नाही. फर्रर्र असा आवाज, भुवईवर चटका, आणि दुकानाच्या मधोमध दोन मीटर लांब पट्टी सापासारखी वळवळत पडलेली. वॉचरभाऊ दोन पावलं मागे सरकले होते. मामा शांतपणे म्हणाले, "डोळा वाचला ना? मग चाय घे."

झालं काय होतं, तर तुटलेली स्प्रिंगसुद्धा वाटीत दाबूनच बसलेली असते. मोकळी सोडली तर तिला वाटीच्या कितीतरी पट मोठं व्हायचं असतं. त्यामुळे पुली काढताना ती पुलीसोबत वर उचलली जाते आणि वाटीच्या काठावरून एक फेरा सुटला की सगळे सुटतात. पट्टीची धार ब्लेडसारखी. म्हणून गॉगल आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नका. आमच्या वर्कशॉपमध्ये गॉगल खिळ्याला टांगून ठेवलेले असतात आणि आपण वायव्हाच्या दिवशीच ते घालतो, हे सरांनाही माहीत आहे.

बरोबर पद्धत अशी. स्प्रिंग शाबूत असेल तर आधी ताण उतरवायचा : वीतभर दोरी बाहेर ओढायची, पुलीच्या काठावर एक खाच असते तिच्यात दोरीचा फास अडकवायचा, आणि पुली अंगठ्याने धरून हळूहळू उलटी सोडत जायची. ती स्वतःहून थांबेपर्यंत. मग मोबाईलने एक फोटो काढायचा. स्प्रिंग उजवीकडून गुंडाळलेली की डावीकडून हे दहा मिनिटांनी शपथेवर सांगता येत नाही. त्यानंतर कव्हर गोणपाटावर ठेवायचं, मधला स्क्रू काढायचा आणि पुली थोडी मागेपुढे हलवत उचलायची, म्हणजे आतला आकडा सुटतो आणि स्प्रिंग वाटीतच राहते. फटीतून स्क्रू ड्रायव्हरने तिला खाली दाबून धरायचं. स्प्रिंग काढायचीच असेल तर कव्हर गोणपाटावर पालथं करून ठोकायचं, तोंड लांब ठेवून.

मामाने पट्टी उचलली, पुसली आणि बाहेरचं टोक माझ्या हातात दिलं. आकडा गेला होता, वाकवलेल्या कोपऱ्यातच तुटला होता. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग काळपट, गंजलेला, अर्धा चकचकीत. मटेरियलच्या लॅबमध्ये फटीगचा नमुना मायक्रोस्कोपखाली दाखवतात ना, तो इथे उघड्या डोळ्यांनी दिसत होता. काळा भाग म्हणजे जुनी चीर, रोज थोडी थोडी वाढलेली. चकचकीत भाग म्हणजे आज सकाळचा "खटकन".

मी म्हणालो, "जुनी झाली असेल मामा."

"मशीन दोन सीझनचं हाये. दोरी पाय."

दोरी पाहिली. कंपनीची नव्हतीच. मूळची तुटल्यावर कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून जाड नायलॉन आणून टाकली होती, आणि चांगली दीड मीटर. वॉचरभाऊंनी कबूल केलं. लांब दोरी असली की झटका मोठा बसतो, लवकर सुरू होतं, असा त्यांचा हिशेब. ऐकायला पटतोही. मामा मात्र म्हणाले, "दोरीनं स्प्रिंग खाल्ली." का, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी हॉस्टेलवर आल्यावर वहीत मांडलं, आणि मित्रांनो, चार वर्षांत पहिल्यांदा मला गणित करून आनंद झाला.

मोजमापं अशी होती : पट्टीची लांबी सुमारे २२०० मिमी, जाडी ०.५ मिमी. वाटीची आतली त्रिज्या ३२ मिमी, पुलीच्या तुंब्याची त्रिज्या १० मिमी. पट्टी धारेवरून पाहिली तर तिचं क्षेत्रफळ २२०० गुणिले ०.५, म्हणजे ११०० चौरस मिमी. ती कशीही गुंडाळा, हे क्षेत्रफळ बदलत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे.

स्प्रिंग सैल असते तेव्हा ती वाटीच्या भिंतीला चिकटून एक कडं करते. बाहेरची त्रिज्या ३२, क्षेत्रफळ ११००, तर आतली त्रिज्या येते सुमारे २६. कड्याची जाडी ६ मिमी. पट्टी अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे १२ फेरे. पूर्ण आवळली की ती तुंब्याभोवती कडं करते. आतली त्रिज्या १०, क्षेत्रफळ तेच, तर बाहेरची येते २१.२. जाडी ११.२ मिमी, म्हणजे साधारण २२ फेरे. बावीसमधून बारा गेले, उरले दहा. ही स्प्रिंग पुलीला जास्तीत जास्त दहा फेरे फिरू देईल. प्रत्यक्षात फेरे इतके घट्ट बसत नाहीत, म्हणून आठ-साडेआठ धरा.

आता दोरी. पुलीवर दोरी ज्या व्यासावर बसते तो साधारण ६० मिमी, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे १९ सेंमी दोरी. मूळची दोरी एक मीटरची. ती पूर्ण ओढली की पुली पाच-सव्वापाच फेरे फिरते. त्यात दोरी आत असतानाही मूठ घट्ट बसावी म्हणून आधीच दिलेले दोन फेरे. एकूण सात-सव्वासात. स्प्रिंगच्या मर्यादेच्या आत, एक फेरा शिल्लक. दीड मीटरची दोरी लावली तर? आठ फेरे दोरीचे, दोन आधीचे, झाले दहा. स्प्रिंगची क्षमता साडेआठ!

फरक नुसता आकड्यांचा नाही. दोरी बरोबर मापाची असेल तर ओढताना आधी दोरी संपते. शेवटचा हिसका बसतो तो पुलीतल्या दोरीच्या गाठीवर, आणि गाठ तो सहज सोसते. दोरी लांब असेल तर आधी स्प्रिंग संपते. ती तुंब्याभोवती दगडासारखी घट्ट झालेली असते आणि दोरी अजून शिल्लक असते. आता माणसाच्या दंडाचा सगळा हिसका जातो त्या पिटुकल्या आकड्यावर, जिथे पट्टी आधीच वाकवून दुबळी झालेली आहे. असं दिवसातून वीस वेळा. आकडा तुटणार नाही तर काय होईल? मूठ जास्त टणक बसावी म्हणून आधीचे फेरे दोनाचे चार करणारेही याच पापाचे धनी. हिशेब तोच.

यातून मामाची एक तपासणी मला कळली, जी ते प्रत्येक स्टार्टरवर न चुकता करतात. सगळं बसवून झाल्यावर दोरी शेवटपर्यंत ओढायची, तशीच धरून ठेवायची, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पुली त्याच दिशेने आणखी ढकलायची. ती निदान अर्धा फेरा पुढे गेली पाहिजे. गेली तर स्प्रिंग अजून शिल्लक आहे. जागची हलली नाही तर एक फेरा ताण कमी करायचा, किंवा दोरी कापायची. कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकांतही हीच अर्ध्या फेऱ्याची अट असते. मामाने ते पुस्तक वाचलेलं नाही.

नवी स्प्रिंग मिळते, आणि मिळत असेल तर तीच टाकावी. पण ती नागपूरहून यायला दोन दिवस, आणि वनरक्षक साहेब सारखे मोबाईल पाहत होते. म्हणून मामाने जुनीच दुरुस्त करायची ठरवली.

माझी शंका अशी की तुटका भाग कापून नवा आकडा केला तर स्प्रिंग आखूड होणार, मग फेरे कमी पडणार नाहीत? हेही नंतर मांडून पाहिलं. २२०० च्या जागी २१७० घातले, तीन सेंमी कमी. सैल फेरे ११.९, आवळलेले २२.२. फरक आधीएवढाच, हजारातल्या चार-पाच भागांचा बदल! लांबी थोडी घटली तर जवळजवळ काहीच बिघडत नाही, कारण सैल आणि आवळलेले दोन्ही फेरे बरोबरीने घटतात. बिघडतं ते आकडा वाईट केला तर.

हे स्टील जास्त कार्बनचं, कडक करून पाणी दिलेलं. थंड वाकवलं तर काडीसारखं मोडतं. तापवलं तर वाकतं, पण तापवलेल्या भागाचा कडकपणा जातो. म्हणून तापवायचं फक्त टोक, दोनेक सेंमी. मामाने आधी तुटकी कड सरळ कापली, धारेवरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासले, कारण प्रत्येक ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेचं बी. मग टोकाच्या लगेच मागे पट्टी व्हाइसच्या जाड जबड्यात धरली आणि त्यामागे ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे उष्णता मागे पळणार नाही. छोट्या गॅस टॉर्चने टोक लालबुंद केलं, लाल असतानाच नोज प्लायरने वळवलं. टोकदार कोपरा नाही, खिळ्याभोवती फिरवावा तसा गोलसर वळसा. आणि मग पाण्यात बुडवायचं नाही! मी मग पुढे करतच होतो. एवढी पातळ पट्टी लाल असताना पाण्यात घातली तर काचेसारखी ठिसूळ होते. मामाने ते टोक शेगडीच्या कोमट राखेत खुपसलं आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत आकडा तयार.

आणखी एक गोष्ट. तापवलेला मऊ भाग आणि मागचा कडक भाग यांच्या सीमेवर पट्टी सगळ्यात कच्ची असते. बाहेरच्या टोकाला हे चालून जातं, कारण तो भाग वाटीच्या भिंतीला टेकून पडलेला असतो, फारसा वाकत नाही. आतल्या टोकाला मात्र दर झटक्याला पट्टी तुंब्याभोवती आवळते-सुटते, तिथे अशी दुरुस्ती फार दिवस टिकत नाही. आतला आकडा तुटला असेल तर काम चालवून घ्या आणि नवी मागवा. आणि पट्टी मधेच तुटली असेल तर सरळ फेका. वेल्डिंगचा विचार कुणी केला असेल तर त्याने मटेरियल सायन्सचा पेपर पुन्हा द्यावा.

स्प्रिंग वाटीत भरणं हे खरं कसबाचं काम. नवी स्प्रिंग तारेच्या कड्यात आवळूनच येते, ती वाटीवर ठेवून खाली दाबली की कडं वर निघतं. जुनी हाताने भरावी लागते. बाहेरचा आकडा खाचेत बसवायचा, आणि भिंतीच्या कडेने एकेक फेरा आत भरत जायचा. डाव्या हाताची बोटं भरलेले फेरे दाबून धरतात, उजवा हात पट्टी पुरवतो. दिशा फोटोत पाहून. मी तीनदा भरली, तीनदा बाहेर आली. चौथ्या वेळी मामाने दोन मिनिटांत भरली, तीही वॉचरभाऊंशी वाघाच्या गप्पा मारत. त्याआधी वाटी रॉकेलने धुतली होती. बारीक राख, सागाच्या पानांचा चुरा आणि आधी कुणीतरी थापलेलं ग्रीस यांचा काळा लगदा निघाला. ग्रीस जास्त लावलं की ते राख धरून ठेवतं आणि सरसकागदासारखं काम करतं. बोटाने पुसट फिरवावं एवढंच पुरे.

मग पुली बसवायची, तुंबा आतल्या आकड्यात अडकल्याचं हाताला जाणवतं. दोरी मूळच्या जाडीची, मूळच्या मापाची. टोकं लायटरने वितळवून घ्यायची, नाहीतर पीळ उकलतो. पुलीत साधी गाठ सरकते, म्हणून आठाच्या आकाराची मारायची. दोरी गुंडाळून, खाचेत फास धरून, पुली दोरी ओढायच्या दिशेने दोन फेरे फिरवायची, की ताण बसला. फास सोडला की मूठ आत जाते. आमची गेली. "टक्!" असा आवाज आला. अर्ध्या फेऱ्याची तपासणी मी केली, मामांनी पुन्हा केली.

वॉचरभाऊंना मामांनी जाताना ओढायची रीतही दाखवली. ब्लोअर जमिनीवर, एक हात मशीनवर. आधी दोरी सावकाश ओढायची, इंजिनाचं कॉम्प्रेशन हाताला लागेपर्यंत. मग तिथून एक झटका, सरळ रेषेत, तिरपा नाही. दोरीची शेवटची वीत ओढायचीच नाही. आणि मूठ हातातून सोडून द्यायची नाही, हाताने परत न्यायची. सोडली की पुली सुसाट उलटी फिरते आणि थांबताना पुन्हा त्याच आकड्यावर मार बसतो. जुन्या पाणीपंपांना तर स्प्रिंगच नसायची. पुलीवर प्रत्येक वेळी दोरी हाताने गुंडाळायची, ओढली की दोरी सुटून हातात यायची. मामा सांगतात, तेव्हा एकच नियम होता, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर माणूसच ओढला जायचा.

हे सगळं ब्लोअरपुरतं नाही. धान कापायचा ब्रश कटर, जनरेटर, सगळ्यांच्या पोटात हीच स्प्रिंग. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा ज्या रबरी बोटी पाण्यात उतरतात त्यांच्या छोट्या इंजिनांनाही अशीच दोरी असते. उन्हाळ्यात आग, पावसाळ्यात पूर, दोरी तीच.

वनरक्षक साहेबांनी मशीन बांधलं. मामांनी पैसे घेतले आणि नव्या स्प्रिंगची ऑर्डरही लिहून ठेवली, कारण दुरुस्त केलेल्यावर अख्खा हंगाम काढायचा नसतो. दुपारी साडेतीनला वनरक्षक साहेबांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा. मामांनी ऐकलं, "हौ, हौ" म्हणाले आणि ठेवला. चिमणीएवढ्या आवाजात मी विचारलं, "तुटली का?"

"नाही. दुसरा ब्लोअर घेऊन येऊन रायले."

त्या दुसऱ्याला पण दीड मीटर दोरी होती. तिची स्प्रिंग अजून शाबूत होती. अर्धा मीटर कापला, दहा मिनिटांत काम.

आता मुद्द्याचं. आपल्या ग्राउंडवरचा गवत कापायचा ब्रश कटर मागच्या सेमिस्टरपासून वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून आहे. परवा सहज पाहिलं, मूठ लोंबते आहे आणि दोरी चप्पल बांधायच्या सुतळीएवढी जाड. सरांना विचारलं, ते हो म्हणाले. शनिवारी लंचनंतर उघडणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. गॉगल खिळ्यावर आहेत, तीनच आहेत, म्हणून पहिल्या तिघांनाच जवळ उभं राहता येईल. बाकीच्यांनी दारातून पाहा.